उत्तर नसलेली खोली

मोबाइल बाहेर. पट्ट्याचं बक्कल बाहेर.
मोहगावकर मॅडम केसांतल्या पिना काढून
उंबऱ्याबाहेरच्या वाटीत ठेवतात.
मे महिना, तरी कूलर बंद.
त्याची मोटर फार बोलते, म्हणतात,
आणि इथे तिच्याहून बारीक काही ऐकायचं असतं.

तांब्याची वेटोळी मी गुंडाळली, माणसाच्या उंचीची दोन.
आठशे फेरे. एकही फेरा दुसऱ्यावर चढलेला नाही.
"हात कुठे बसला असा, नंदनवार?"
गोळीबार चौकात जी, बाबांच्या मागाला
कांड्या भरता भरता.
माग भंगारात गेला, बोटं राहिली.

अंबाझरीच्या गाळाचा एक थेंब भिंगाखाली.
त्यातल्या प्रत्येक जिवाच्या पोटात
लोहकणांची काळी पोत.
सगळे निघालेत उत्तरेला,
उत्तरेला आणि खाली,
तिकडे कोणाची तब्येत बिघडल्यासारखे.

रात्री दोन. अजनीकडची मालगाडी गेली
की आकडा थोडा थरथरतो, मग बसतो.
मॅडम बटण फिरवतात, हळू, दूध उतू जाऊ नये तसं,
आणि माझी वेटोळी पृथ्वीला म्हणतात, गप.
त्रेचाळीस हजार.
नऊशे.
साठ.
जवळपास काहीच नाही.

थेंबातली रांग सुटते.
कोणी मरत नाही. नुसते फिरतात,
इतवारीत दुकानं बंद झाल्यावर
हातात चिठ्ठी घेऊन पत्ता शोधणाऱ्या
नव्या पोट्ट्यांसारखे.

मीही उभा राहिलो वेटोळ्यांच्या मधोमध.
"काही वाटतंय?"
"भूक लागली जी."
त्या हसल्या. वहीत तेही लिहिलं, वेळेसकट.

मुळ्याचं बी या खोलीत तीनदा
दोन दिवस उशिरा उगवलं.
चौथ्यांदा वेळेवर.
आता पाचव्यांदा पेट्यांवर कागद चिकटवलाय मी,
कोणती कोणती ते मॅडमलाही ठाऊक नाही.
सोमवारी काढायचा.
उशीर झालेला निघावा असं त्यांना वाटतं, बहुतेक.
म्हणूनच कागद.

पहाटे सायकल झिरो माइलपाशी थांबवली.
दगडी खांब, चार घोडे,
दूरदूरच्या गावांची अंतरं कोरलेली.
डोळे मिटले आणि जागच्या जागी
चक्कर येईस्तोवर गरगर फिरलो.
एक चहावाला बघत होता.
थांबलो तेव्हा तोंड घराकडे होतं.

एकदाच केलं.
एकदा म्हणजे काहीच नाही,
मॅडम म्हणाल्या असत्या.
परत फिरायला पाहिजे होतं. पण उन्हं चढत होती,
आणि चहावाला म्हणाला, बसा थोडं, काका.