शून्य दशांश सात

सेर्तांझिन्योच्या वेशीवर, हमरस्त्याच्या डाव्या अंगाला,
सकाळी सहाला मी पंपाचे दिवे मालवते,
फळ्यावरचे कालचे आकडे पुसते.
पेट्रोल एवढं. अल्कोहोल एवढं.
मग भागाकार.
शून्य दशांश सातच्या आत आला तर ऊस भरायचा,
वर गेला तर पेट्रोल.
गिऱ्हाईक काच अर्धीच उतरवून विचारतं,
"जुसारा, आज काय परवडतंय?"
आणि देशाचं सगळं धोरण मी एका शब्दात सांगते.

तसं पेट्रोलही निव्वळ पेट्रोल नाही.
त्यातही ऊस मिसळलेला, वरून ठरवून.
किती, ते पंपावरच्या कागदावर असतं.
कागद बदलतो, आकडा चढतो,
खालचा डिंक जुनाच.

लहानपणी आभाळातून काजळी पडायची.
रात्री फड पेटवत, पाचट जळावं, साप पळावेत म्हणून,
आणि सकाळी आईच्या चादरींवर
काळ्या, लांबट, हलक्या पात्या.
झटकायच्या नाहीत, फुंकायच्या.
हात लावला की रेघ उठते.
त्याच राखेतून बाबा घरी यायचे,
डोळ्यांचे पांढरे तेवढे ओळखू यायचे.
दिवसाला बारा टन.
मुकादम लाकडी कंपास टाकत ओळी मोजायचा
आणि कंपासाचे पाय
नेमके बाबांच्या ओळीत लांब पडायचे.

मग यंत्र आलं. ऐंशी माणसांचं काम एकटं करणारं.
धूर थांबला.
चादरी पांढऱ्या राहिल्या, आणि बाबा घरी.
"बरं झालं," म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.
फक्त उजवी मूठ आता पुरती उघडत नाही,
कोयत्याच्या दांड्याएवढी पोकळी तिच्यात राहून गेलीय.
कॉफीचा पेला तिथे बरोबर बसतो.

विद्यापीठातला एक मुलगा टाकी भरताना म्हणाला,
"ताई, यानं पृथ्वीला श्वास मिळतो."
मिळत असेल.
पलीकडे संत्र्याच्या बागा होत्या,
तिथे आता क्षितिजापर्यंत एकच हिरवा रंग,
आणि वारा फिरला की मळीचा आंबूस दर्प.
मी त्याला नाही म्हटलं नाही. हो सुद्धा नाही.
पावती दिली.

आज जूनची थंडी. नऊ अंश.
सेउ अनिझियोंची त्र्याऐंशी सालची गाडी,
निव्वळ अल्कोहोलवरची, पंपावरच रुसली.
साखरेला बाहेर भाव आला
आणि पंप कोरडे पडले, त्या साली
याच गाडीत त्यांनी रांगेत दोन रात्री काढल्या होत्या.
तरी विकली नाही. "बायकोसारखीच हट्टी," म्हणतात,
बायको शेजारी बसलेली असते तेव्हाही.

बॉनेट उघडून मी छोट्या टाकीत
वाटीभर पेट्रोल ओतलं.
त्या वाटीशिवाय इतका ऊस जागा होत नाही.
माझा डबा घेऊन आलेले बाबा
न सांगताच मागून ढकलू लागले,
एक पंजा सपाट, एक मूठ मिटलेली.

गाडी खोकली, धरली.
धुरांड्यातून कोमट, गोडसर, नाकात चढणारी वाफ.
बाबा वाकले, हुंगत राहिले,
मुकादम गेल्यावर तुटलेलं कांडं हुंगायचे तसे.
"कुठल्या फडातला गं हा?"

मी यंत्राच्या काचेकडे बघितलं.
लिटर होते. पैसे होते. कर वेगळा दाखवला होता.
मागची गाडी हॉर्न देत होती,
काच अर्धी खाली.