झरीवरून

इरूच्या भूगोलाच्या पुस्तकात
नकाशावर पट्टी ठेवून मोजलं होतं आम्ही एकदा:
नांदेडचा विमानतळ ते चिकलठाण्याचा,
चार सेंटिमीटर आणि वर तीन बारक्या रेघा.
प्रमाण लावून इरू म्हणाली, दोनशे पंधरा किलोमीटर,
विमानाला चाळीसेक मिनिटं.
मग पेन्सिलला टोक करता करता, सहजच,
पण असं विमान आहे कुठं?

नाही.
माझ्याकडचं जातं हैदराबादला,
संतुककडचं मुंबईला, दिल्लीला.
मी पडद्यावर दिवसभर लोकांच्या बॅगा आतून बघते,
चार्जरच्या वायरी, लोणच्याची बरणी,
गुरुद्वाऱ्याहून घेतलेल्या कड्यांची गोल गोल वर्तुळं.
कधी एखाद्या बॅगेच्या कानाला
चिकलठाण्याचा जुना टॅग लोंबत असतो.
फाडून टाका म्हणायचा नियम आहे.
मी म्हणत नाही.

आमचं अंतर रात्रीच्या गाडीचं.
पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना.
सेलूला क्रॉसिंग लागलं की अर्धा तास वरचा.
त्याची सुट्टी मंगळवारी, माझी गुरुवारी,
बुधवार मधल्या मधे,
आणि पोरगी झरीला, आत्याकडं.
बदलीचा अर्ज दिल्लीत आहे.
तो कुठल्या गाडीनं निघालाय, कुणाला ठाऊक नाही.

मग जानेवारीत ते धुकं.
गोदावरी उठून धावपट्टीवर येऊन बसल्यासारखं.
हैदराबादचं विमान वर घिरट्या घालत राहिलं,
आवाज यायचा, विमान नाही.
शेवटी वॉकीटॉकीवर खरखर झाली: चिकलठाण्याला वळवलं.

दहा मिनिटांत, नाही, जास्त झाली असतील,
संतुकचा फोन.
‘तुझं विमान माझ्याकडं आलंय.’
त्यानंच लाल बॅटी हलवून जागेवर घेतलं होतं,
डाव्या चाकाला ठोकळाही त्यानंच लावला.
‘काही पाठवता येत नाही,’ तो म्हणाला,
‘पण चाक बघ.’

दहा बावन्नला तिथून उडालं,
अकरा तेहतीसला इथं टेकलं.
एक्केचाळीस मिनिटं.
एवढ्या वेळात आमच्या गाडीला पूर्णाही येत नाही.

काचेतून मी डावं चाक पाहिलं.
चाकासारखं चाक.
थोडी धूळ होती, ती कुठलीही असेल.
उतरणारे लोक वैतागलेले, कुणाचं लग्न हुकलेलं,
आणि लोह्याची एक बाई, पहिल्यांदाच विमानात बसलेली,
पदर सावरत मला विचारती झाली,
‘माय, ह्ये नांदेडच हाय न्हवं?
मगाशी बी असंच सांगून उतरवीत होते.’
हो, मी म्हटलं, हे नांदेडच.
कधी नव्हे ते इतक्या खात्रीनं.

संध्याकाळी इरूचा फोन.
आई, आज शाळेवरून एक विमान गेलं,
या बाजूनं कधीच जात नाही.
बाईंनी भागाकार दिला होता,
मी वर बघत बसले अन् गणित चुकलं.
किती चुकलं?
बाकी उरायला नको होती, ती म्हणाली.
माझी तीन उरली.