सव्वा इंच

जमीन खचली ती नेमकी पुस्तकांच्या खोलीत.
मिस्त्री म्हणाला, वजन.
अच्युत म्हणाला, मी काय सांगत होतो.
मी काहीच म्हणाले नाही.
भिंतीलगतची फरशी बशीसारखी झाली होती
आणि चरित्रांचं अख्खं कपाट खिडकीकडं कललेलं,
विश्रामबागेतली रहदारी बघत असल्यासारखं.

तासगावहून भाच्यानं बेदाण्याची रिकामी खोकी पाठवली.
प्रत्येकावर छापलेलं : निव्वळ वजन पंधरा किलो.
पहिल्या दिवशी मी खोक्यांवर नीट लिहिलं,
कथा, अनुवाद, बोलींचे कोश.
दुसऱ्या दिवशी नुसतं ‘पुस्तकं’.
तिसऱ्या दिवशी काहीच नाही.
त्यामुळं आता साखर शोधायला गॅसमागचं खोकं उघडावं
तर आत रशियन, दाटीवाटीनं, थंडीत बसल्यासारखे.

आणि मुंग्या.
शब्दकोशात त्या ‘प’पाशी शिरल्या,
बेदाण्याचा वास ‘म’पर्यंत गेला होता,
त्याही गेल्या.

माझी नायिका एकोणीस दिवस झाले
कवठेमहांकाळच्या स्टँडवर उभी आहे.
हातात पिशवी. पिशवीत काय ते मी ठरवलेलं नाही.
जतची गाडी लागते, सुटते.
मी लिहिते इस्त्रीच्या टेबलावर.
उंचीला बरं आहे, पण मध्येच मिटायची सवय आहे त्याला.
आत कटर सुरू होतो.
क्रियापद येईपर्यंत वाक्यावर पांढरा थर.

सासऱ्यांची कॉट हॉलमध्ये आणली,
मिरजेहून मोतीबिंदू काढून आलेले, डोळ्यावर हिरवं फडकं.
वाच गं काहीतरी, म्हणतात.
मग मी वाचते, हाताला लागेल ते :
मधमाश्यांची निगा, अर्धं प्रवासवर्णन,
कुणाच्या तरी प्रबंधाच्या तळटिपा.
परवा सुचेना काही, तर माझीच पानं वाचली,
कुणाची ते सांगितलं नाही.
बराच वेळ ऐकून म्हणाले,
ह्या बाईला पाय दुखत नाहीत का?

चौथ्या आठवड्यात कडप्प्याचे नवे कप्पे बसायला लागले.
दस्तगीर मिस्त्रीनं लेवलची बाटली ठेवली,
बुडबुडा डावीकडं पळाला.
विटेचा तुकडा लावला, उजवीकडं पळाला.
“बाई, सव्वा इंचाचं काय हाय का घरात?
लाकूड नको, फुगतंय.”
मी चार खोकी उपसली.
एक नाटक फारच बारीक.
एक समीक्षा जाड, आणि मध्ये पोकळ.
शेवटी माझी पहिली कादंबरी,
लेखकाच्या प्रतींपैकी उरलेली.
त्यानं ती दोन्ही हातांनी सरकवली.
बुडबुडा मधोमध येऊन थांबला.
“झ्याक,” तो म्हणाला. “उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई.”

रात्री पाणी प्यायला उठले,
तर अंधारात ती तिथं,
डोक्यावर अख्खा दगड घेऊन,
कण्यावर माझं नाव, सिमेंटच्या शिंतोड्यांतून ‘वि’ तेवढा दिसणारा.
एका परीक्षणात लिहून आलं होतं,
ह्या कादंबरीला आशयाचा भार पेलत नाही.
ते कात्रणही असेल कुठल्यातरी खोक्यात.

सकाळी दस्तगीरनं ती हळूच ओढून काढली,
शर्टाला पुसली, उघडली, उभ्या उभ्या दीड पान वाचलं.
मी चहा गाळत होते, पण ऐकत होते.
“ह्यातला गवंडी,” तो म्हणाला,
“वाळू चाळताना गातोय.
नाकातोंडात जाती ओ वाळू. कोण गाईल?”
आणि परत दिली.

वीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
पेन्सिल सापडेना, म्हणून खिळ्यानं
त्या ओळीवर एक बारीक रेघ ओढली.

खोकी अजून तशीच आहेत.
अच्युत विचारतो, लावणार कधी. बघू.
आज इस्त्रीचं टेबल दोनदा मिटलं.
तिसऱ्यांदा उघडून मी एवढंच केलं :
स्टँडवरच्या बाकावरून एका म्हाताऱ्याला थोडं सरकायला लावलं,
तिला बसवलं.
पिशवी मांडीवर.
खोक्याच्या कोपऱ्यातला चिकटलेला एक बेदाणा
नखानं सोडवून तोंडात टाकला.
जतची गाडी येईल तेव्हा येईल.