फुटामागं एक सूत

सव्वीस वर्षं उद्यमबागेत मी पॅटर्न केले,
सागवानाचे. पंपाच्या कवचाचे, पुलीचे,
उसाच्या चरकाच्या दातेरी चाकाचे.
आमची फूटपट्टी मुद्दाम खोटी असते.
तिचा एक फूट जगाच्या फुटाहून एक सूत मोठा,
कारण बीड थंड होताना आकसतं.
शेवटी हातात जे यायला हवं
त्याहून थोडं जास्त
लाकडात आधीच मागून ठेवायचं.

वकील हिरेमठांना हे शिकवावं लागलं नाही.
त्यांनी अर्जात अकरा लाख लिहिले.
आता कंपनी म्हणते तीन लाख चाळीस हजार,
अखेरचे, शनिवारी, लोक अदालतीत.
एवढं तर कुठलंच बीड आकसत नाही.

उजवं मनगट, अठरा टक्के.
डॉक्टरांनी कोन मोजून लिहिलंय.
पटाशी धरता येते, फिरवता येत नाही.
कप उचलता येतो, बशीत ओतता येत नाही.
ब्याऐंशी टक्के हात अजून माझाच आहे म्हणे,
आणि एवढ्या हाताला
घराचं कुलूप उघडत नाही.

काकतीच्या सर्व्हिस रोडवर, दिवेलागणीला,
मागून निळी मोटार आली.
चालवत होते गोकाकचे एक मास्तर, कट्टीमनी,
रिटायर झालेले.
दवाखान्यात आले ते करदंटाचा डबा घेऊन.
स्टुलावर बसले, डबा मांडीवर तसाच.
त्यांना मराठी नव्हतं, मला कानडी कारखान्यापुरतं.
"तप्पु नंदू," म्हणाले.
चूक माझी.
मग बराच वेळ सलाईनकडे बघत राहिले
आणि डबा विसरून, म्हणजे ठेवून, गेले.

ते वाक्य कुठल्याच कागदावर नाही.
कागद म्हणतो, चौथा हिस्सा चूक माझी,
सायकलला मागं लाल दिवा नव्हता.
नव्हता.
मडगार्डवर त्याची फक्त भोकं होती,
दोन वर्षं मी उद्या बसवणार होतो.

मालन म्हणते, घ्या.
केस लढून सत्तराव्या वर्षी अकरा मिळाले
तर कुणाच्या हातानं मोजणार?
निपाणीहून जावई फोनवर ओरडतो,
"एवढ्यात राजी होऊ नका, मामा!"

राजी.
नोटिशीत कानडीतही तोच शब्द,
हिरेमठांनी बोट ठेवून वाचून दाखवला.
त्यांच्या राजीचा अर्थ तडजोड.
आमच्या राजीचा अर्थ मनापासून तयार.
सगळं आयुष्य या दोन भाषांच्या मधल्या गल्लीत गेलं,
पाट्यांना डांबर फासलेलं पाहिलं,
बंद दुकानांसमोर दूध सांडलेलं पाहिलं,
आणि एवढासा फरक
आत्ता, साठीला, हाताला लागला.
तिकडच्या अर्थानं मी सही करू शकतो.
इकडच्या अर्थानं नाही.

काल ट्रंकेतून ती पट्टी काढली,
पितळी, कडेला आकडे झिजलेले.
तीन लाख चाळीस तिच्यावर कुठं बसतात
ते शोधत बसलो, खुळ्यासारखा.
मग उजव्या हाताची वीत टाकून बघितली.
पूर्वी नऊ इंच भरायची.
आता कुठल्याच पट्टीनं भरत नाही,
ना खऱ्या, ना माझ्या.

बँकेत सही जुनी आहे, उजव्या हाताची.
चेक आला तर जुळायची नाही,
नवा नमुना द्यावा लागेल, असं हिरेमठ म्हणाले.
म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या अंगावर
डाव्या हातानं गिरवतोय, भरमा यल्लाप्पा सुतार.
भ ची गाठ उलट्या बाजूला जाते.
सुतार मधला र घरंगळतो.
मी अक्षरं जराशी मोठी काढतोय,
सवयीनं.

नुसता सराव आहे, मालनला म्हटलं,
काही ठरलेलं नाही.
ती काही बोलली नाही.
भिंतीजवळ गेली,
चालू महिन्याचं पानसुद्धा फाडलं
आणि पालथं करून माझ्यापुढं ठेवलं.