शेवटची सोळा पानं

रामबागेत पागेकाकांची गिरणी होती
आणि गिरणीतच, बाजरीच्या पोत्यांमागे, एक लाकडी कपाट.
काका त्याला वाचनालय म्हणत.
बाकी सगळं इंदूर कपाटच म्हणे.

गव्हाच्या डब्याला बारा पानं लागत.
ज्वारीला नऊ.
हरभऱ्याची डाळ असली की पट्टा जड चालायचा,
एक अख्खं प्रकरण व्हायचं,
म्हणून मी आईला सारखी विचारायची,
बेसन संपलं का गं?

मागाल ते मिळायचं नाही.
शिकारीची गोष्ट मागितली
तर काका तिच्या खालचं पुस्तक ओढून द्यायचे,
दर्यावरचं, नाहीतर कुठल्याशा वेढ्यातलं,
आणि एकदा ते, ज्यात माणसं मंगळावर विहीर खणतात
आणि पाणी लागल्यावर रडतात.
"तुला काय आवडतं ते तुला अजून कुठे माहितीये?"
पापण्यांवरचं पीठ पुसत ते म्हणायचे.

भुताची गोष्ट मी तिथेच वाचली, भर दुपारी.
वीज गेली. पट्टा थांबला.
पोत्यांआडून रामरतन उठला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा,
आणि माझी किंकाळी
पार नदीच्या पुलापर्यंत गेली असणार.
तो बिचारा एवढंच विचारत होता,
"कंई हुयो, बई?"

प्रेमाची कादंबरी आमच्या घरी चालत नसे.
ती पिठाखाली दडवून नेली, कागदात गुंडाळून.
न्हाणीघरात जाऊन उघडली तर गरम होती.
पुढे पुष्कळ प्रेमकथा वाचल्या.
तेवढी ऊब कुणाला साधली नाही.

रहस्यकथांचं मात्र वेगळं होतं.
त्यांची शेवटची सोळा पानं काका उसवून काढत
आणि गल्ल्यात, चिल्लरीखाली ठेवत.
खुनी कोण, ते आधी सांगायचं.
का केला, तेही.
चुकलात तरी पानं मिळत,
पण अंदाज न करता कुणालाच नाही.
मुळ्ये वकीलसुद्धा हातात पिशवी घेऊन उभे राहत
आणि घसा खाकरून म्हणत,
"मला वाटतं, तो पुतण्या."

ती निळ्या पुठ्ठ्याची होती.
डाकबंगला, सात पाहुणे, बंद पडलेलं एक घड्याळ.
मी म्हटलं, डॉक्टर.
कारण सगळ्यांचे हात थरथरत होते, त्याचा नाही.
काकांनी गल्ला उघडला. चिल्लर बाजूला केली.
मग दुसरा खण. मग कपाटाचा माथा.
"उंदरांनी नेली बहुतेक."
थोडा वेळ नुसता पट्ट्याचा आवाज.
मग त्यांनी हिशेबाच्या वहीतली कोरी सोळा पानं
मोजून फाडली,
कानावरची पेन्सिल माझ्या हातात दिली
आणि दुसऱ्याचा डबा उचलून गेले.

चार दळणं लागली मला.
गहू, गहू, मका,
आणि दिवाळीची भाजणी.
डॉक्टरला मी त्याच्याच घड्याळात पकडलं.
शुद्धलेखनाच्या चुका किती, ते विचारू नका.
फाशी दिली नाही कुणाला,
ती कशी देतात ते ठाऊक नव्हतं.
काकांनी पानं खळीने चिकटवली,
बरं नाही, वाईट नाही, काही म्हणाले नाहीत.
पुस्तक कपाटात गेलं.

महिन्याभराने बोंद्रेवहिनी आल्या.
डबा काट्यावर ठेवता ठेवता म्हणाल्या,
"अहो, तो डॉक्टर हो! मला पहिल्यापासून शंका होती.
पण छापखान्याची शाई संपली की काय?
शेवट हाताने लिहिलाय. आणि काय ते अक्षर!
तरी मी रात्री दीडपर्यंत..."

मी पोत्यावर होते.
तोंडासमोरचं पुस्तक उलटं धरलं होतं.
काकांनी नेमका तेव्हाच पट्टा चढवला,
गिरणी धडधडायला लागली,
आणि त्या पुढे काय म्हणाल्या
ते मला आजवर कळलेलं नाही.