कंटिन्युटी

रात्री दीड. कर्वेनगरची खोली, कुकरमधला भात तसाच,
आणि मी जपानमधल्या एका खेड्यात.
भातखाचरं, देवळापुढची लाल कमान,
शूटिंगला आलेलं युनिट, दिग्दर्शक विहिरीत.
चित्रं हलत नाहीत.
माणसं बोलतात, मी बटण दाबते.

माझं पोट कंटिन्युटीवर चालतं:
कुणाची बाही किती दुमडलेली, कपात चहा कुठवर,
सगळं वहीत.
म्हणून दिसलं. चौकशीआधी मेकअपवालीचं घड्याळ
डाव्या मनगटावर होतं,
नंतर उजव्या.

खेळ विचारतो, संशय कोणावर?
नायक. कॅमेरामन. पुजारी.
तिचं नाव यादीत नाही.

मार्चात भोरला सुदाम खुटवड शिडीवरून पडला,
आमचा लाइटमन.
हवालदारांनी विचारलं, शिडी कोणाची,
प्यायला होता का,
जेवणाची सुट्टी कधी झाली.
लिहून घेतलं, चहा घेतला, गेले.

सीन बावीस, टेक चार: शिडीला दोरी.
टेक पाच: दोरी नाही.
माझंच अक्षर.

मी 'पुजारी' दाबते.
गावात दिवे लागतात, नावं वर सरकू लागतात.
भात पार गार झालाय.
उभ्यानंच खाते.