अळणी पाणी

कोत्काच्या आमच्या स्वयंपाकघरात
मिठाची बरणी वरच्या फळीवर असे, आणि बाबा
तिला कधी हात लावत नसत.
आई वाढायची, चिमटीनं, काही न बोलता.
मला वाटायचं, रक्तदाब.

वही सापडली तेव्हा मी पन्नाशीत.
मेणकापडाचं वेष्टण, पेन्सिलीची अक्षरं:
ताउनो सार्का, सुरुंगपेरणी जहाज लोक्की.
लोक्की म्हणजे कुरव.
पक्ष्याचं नाव, आणि डेकवर रुळांवर रांगेनं
एकशे वीस शिंगाळे गोळे.

सुरुंगाच्या आत मिठाची एक वडी असते.
पाण्यात पडला की ती विरघळू लागते,
ती आहे तोवर सुरुंग झोपलेला,
तेवढ्यात आपलं जहाज दूर निघून जायचं.
वीस मिनिटं, असं पुस्तकात होतं.
पण पुस्तक दुसऱ्या कुठल्या समुद्राचं.
आमचं आखात नद्यांनी पातळ केलेलं,
जवळजवळ अळणी, आणि गार.
बाबांनी बादलीत वडी टाकून
हातात घड्याळ धरून मोजलं होतं:
कधी सतरा. कधी सव्वीस.
खाली त्यांनी लिहिलंय:
मीठ ज्याचं त्याच्याशी इमान राखतं, आपल्याशी नाही.

एकेचाळीसचा सप्टेंबर. दिवे बंद.
दर अठरा सेकंदांनी एक गोळा रुळावरून घसरतो,
पाण्याचा तो आवाज, त्यांनी लिहिलंय,
जाड पुस्तक मिटल्यासारखा.
आकडा बाबा पुकारतात, विल्पू टिपून घेतो,
वीस वर्षांचा, सर्दी झालेला.
एकशे तेरा. एकशे चौदा.
एकशे पंधरावा अडकला.
गाड्याचं चाक रुळात रुतलं,
पकारिनेननं खांदा लावला, मग आणखी दोघांनी.
जहाज कुणासाठी थांबत नाही.
गेला एकदाचा. केव्हा, कुठे,
वहीत एवढंच: ११५, जागा अनिश्चित.

सतरा मोहिमा, दोन जहाजं, एक पदक.
पदक आईच्या दोऱ्याच्या रिळांत पडलेलं असे,
मी त्याच्याशी दुकान-दुकान खेळले आहे.

युद्ध संपल्यावर त्यांनाच पाठवलं वेचायला.
पेरणाऱ्याला आपली शेतं माहीत, असं वरचे म्हणाले.
पाच उन्हाळे. लाकडी होड्या, मागे ओढलेली तार,
तुटून वर आलेला प्रत्येक गोळा बंदुकीनं फोडायचा,
आणि वहीत लाल टीक.
पानंच्या पानं लाल.
एका ओळीसमोर कोरं.

एकोणपन्नासच्या जूनमध्ये
हापासारीचा एमेली होवी दोन मुलांसह
हेरिंगच्या जाळ्याकडे गेला. आवाज कोत्कापर्यंत आला.
सुरुंग कुणाचा, हे समुद्रात विचारत नाहीत.
जर्मनांनी पेरले होते, रशियनांनी, आम्ही.
चौकशी दोन पानांत आटोपली.

बाबा वही घेऊन त्या बेटावर गेले.
हे आईनं सांगितलं, तेही मरण्याच्या आदल्या हिवाळ्यात.
होवीच्या बायकोनं चिकोरीची कॉफी ठेवली.
वही चाळली. मग विचारलं,
किती खोल लावला होता?
साडेतीन मीटर.
ती बोटांवर काहीतरी करत राहिली.
एमेलीची होडी दीड मीटरसुद्धा बुडत नव्हती, ती म्हणाली.
म्हणजे तुमचा नाही.

तिनं दार उघडून दिलं होतं. सरळ बाहेर पडता आलं असतं.
बाबा म्हणाले, दोर गंजतो, बाई.
आठ वर्षांत तुटतो. मग तो वर येतो.

ती बराच वेळ चुलीकडे बघत होती.
मग पिंपातून हेरिंगचे दोन खारे तुकडे काढून
त्यांच्यासमोर ठेवले. बटाटा नाही, पाव नाही.
मेलेल्यांनीच पकडलेले, वसंतातले.
बाबांनी ते खाल्ले, काट्यांसकट.

वहीत त्या तारखेला बेटाचं नाव नाही.
फक्त, नेहमीच्या नेटक्या अक्षरात:
वारा नैऋत्य, मंद. दृश्यता चांगली.